टॅक्सी लायसन्सचा अर्ज समितीपुढे गेला, तर कौन्सिल काय पाहते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते चार वर्षांपूर्वी पत्नीच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर डिपेंडंट म्हणून पुण्याहून इंग्लंडला आले. ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स मिळून तीन वर्षं झाली. प्रायव्हेट हायर, म्हणजे आधी बुक करूनच घ्यायच्या टॅक्सीच्या, ड्रायव्हरच्या लायसन्ससाठी त्यांनी स्थानिक कौन्सिलकडे अर्ज केला. वेगमर्यादा ओलांडल्याचे दोन वेळचे मिळून ६ पेनल्टी पॉइंट त्यांच्या नावावर आहेत, पण अर्जात एकाच वेळचे ३ लिहिले गेले. शिवाय भारतात सोसायटीतल्या एका भांडणावरून त्यांच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४ चा (हत्याराने दुखापत करण्याचा) गुन्हा दाखल झाला होता, त्यातून २०१८ मध्ये कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. आता लायसन्सिंग समितीपुढे हजर राहण्याचं पत्र आलं आहे. समिती काय बघते, घरची ओढाताण सांगितली तर फरक पडतो का, आणि अर्ज नाकारला तर पुढे काय, हे त्यांना हवं आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. समिती तुम्हाला शिक्षा करायला बसलेली नाही आणि तुमच्या पोटापाण्याची सोय करायलाही बसलेली नाही. तुमच्या गाडीत मागच्या सीटवर बसणारा माणूस सुरक्षित राहील का, एवढा एकच प्रश्न तिच्यापुढे असतो. त्या दृष्टीने तुमच्या प्रकरणात सर्वांत जड बाब पॉइंट नाहीत, ३२४ ची केसही नाही. अर्जात न लिहिलेले ते ३ पॉइंट ही सर्वांत जड बाब आहे.

लंडन आणि प्लिमथ सोडून इंग्लंड-वेल्समध्ये हे सगळं १९७६ च्या लोकल गव्हर्न्मेंट (मिसेलेनियस प्रोव्हिजन्स) कायद्यावर चालतं. प्रायव्हेट हायर ड्रायव्हरसाठी कलम ५१, हॅकनी कॅरेजसाठी, म्हणजे रस्त्यावर हात दाखवून थांबवता येणाऱ्या टॅक्सीसाठी, कलम ५९. दोन्हीकडे भाषा सारखीच: अर्जदार ‘फिट अँड प्रॉपर’ आहे अशी कौन्सिलची खात्री पटल्याशिवाय लायसन्स देऊ नये. वाक्य नकारार्थी आहे, आणि त्यातच सगळं आलं. तुम्ही अयोग्य आहात हे कौन्सिलने सिद्ध करायचं नसतं. तुम्ही योग्य आहात हे तुम्हीच पटवून द्यायचं असतं.

‘फिट अँड प्रॉपर’ची व्याख्या कायद्यात कुठेच नाही. ती पोकळी वाहतूक खात्याने जुलै २०२० मध्ये काढलेल्या वैधानिक मानकांनी भरली. त्यातली कसोटी समितीचे सदस्य स्वतःला विचारतात, ती साधारण अशी: समोर आलेली माहिती पाहता, कोणताही पूर्वग्रह न ठेवता, माझ्या जिव्हाळ्याच्या व्यक्तीला, मग तिची अवस्था कशीही असो, या माणसाच्या गाडीतून दिवसा किंवा रात्री कोणत्याही वेळी एकटं जाऊ देईन का? उत्तर ‘नाही’कडे झुकत असेल तर लायसन्स द्यायचं नाही. फौजदारी कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, इथे अर्जदाराला तो द्यायचा नाही असं मानकांत स्पष्ट लिहिलं आहे. समितीचं मत अगदी पन्नास-पन्नास टक्के असलं तरी उत्तर नकारच. आपल्याकडची बरीच मंडळी कोर्टाचा अनुभव मनात धरून जातात आणि ‘माझ्याविरुद्ध काहीच सिद्ध झालेलं नाही’ या एका वाक्यावर भिस्त ठेवतात. समितीपुढे ते वाक्य पुरत नाही.

इतका कडकपणा कुठून आला, हेही माहीत हवं, कारण समितीतल्या प्रत्येकाच्या मनात ते असतं. रॉदरहॅममध्ये १९९७ ते २०१३ या काळात सुमारे १,४०० मुलामुलींचं लैंगिक शोषण झालं असा अंदाज अलेक्सिस जे यांच्या ऑगस्ट २०१४ च्या अहवालाने मांडला. मुलांना इकडून तिकडे नेण्यात टॅक्सीचालकांचा हात असल्याचं त्यात वारंवार आलं. पुढे फेब्रुवारी २०१५ च्या लुईस केसी यांच्या अहवालाने त्या कौन्सिलच्या टॅक्सी लायसन्सिंगवरच बोट ठेवलं आणि सरकारने तिथे आयुक्त नेमले. आपल्या सहीने दिलेल्या लायसन्सवर असं काही घडू नये, ही धास्ती आज प्रत्येक लायसन्सिंग अधिकाऱ्याला असते. ती रास्तच आहे.

सगळे अर्ज समितीपुढे जात नाहीत. कागद स्वच्छ असले तर अधिकारीच त्यांच्याकडे सोपवलेल्या अधिकारात लायसन्स देऊन टाकतात. धोरणाच्या चौकटीत न बसणारे किंवा प्रश्न निर्माण करणारे अर्ज समितीकडे जातात. म्हणजे पत्र आलं याचा अर्थ अधिकाऱ्याने स्वतःच्या अधिकारात अर्ज नाकारलेला नाही, तुमचं ऐकून घ्यायला जागा ठेवली आहे.

पायाच्या अटींमध्ये तुम्ही बसता का, ते भरभर पाहू. अर्जदाराकडे किमान १२ महिने पूर्ण ड्रायव्हिंग लायसन्स हवं, आणि तुमच्या बाबतीत ते ब्रिटिश हवं. भारतीय लायसन्सवर इथे पहिलं वर्षभर गाडी चालवता येते, पण ते वर्ष या १२ महिन्यांत धरलं जात नाही. तुमची तीन वर्षं झाली आहेत, त्यामुळे अडचण नाही. (पहिली टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत केलेल्या गुन्ह्यांचे ६ पॉइंट झाले की डीव्हीएलए, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स देणारी सरकारी संस्था, लायसन्सच रद्द करते आणि पुन्हा लर्नरपासून सुरुवात करावी लागते. तुमच्या दोन गुन्ह्यांच्या तारखा त्या दोन वर्षांत येतात का, हे स्वतः तपासा.) १ डिसेंबर २०१६ पासून इमिग्रेशनची तपासणीही सक्तीची आहे. डिपेंडंट व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करता येतो, त्यामुळे तुम्ही पात्र आहात. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई असते आणि टॅक्सी चालवणं हा बहुतेक वेळा स्वयंरोजगारच असतो. मास्टर्स करता करता ‘रात्री थोडी प्रायव्हेट हायर करू’ असं ठरवणाऱ्या मुलांनी त्या वाटेला जाऊ नये, व्हिसाच धोक्यात येतो. एरवी लायसन्स तीन वर्षांचं असतं, पण तुमचा व्हिसा त्याआधी संपत असेल तर लायसन्सही तिथेच संपेल. व्हिसा वाढवण्याचा अर्ज वेळेत करून निकालाची वाट पाहत असाल, तर जास्तीत जास्त सहा महिन्यांचं मिळतं.

वैद्यकीय तपासणीसाठी बहुतेक कौन्सिल डीव्हीएलएचा ग्रुप २ दर्जा लावतात, म्हणजे बस-लॉरीच्या ड्रायव्हरला लागतो तो. चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/७.५ आणि दुसऱ्याची ६/६० हवी, चष्म्यासह चालते. इन्शुलिन घेणाऱ्यांना दार बंद नाही, पण साखरेच्या नोंदी आणि तज्ज्ञ डॉक्टरांची तपासणी लागते. फॉर्म भरणाऱ्या डॉक्टरपुढे तुमचं पूर्ण मेडिकल रेकॉर्ड असायला हवं.

आता पॉइंटकडे येऊ. मानकांत म्हटलं आहे की एखादी किरकोळ वाहतूक चूक झाली म्हणून लायसन्स नाकारू नये, मात्र पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका हा माणूस धंदेवाईक ड्रायव्हर व्हायला योग्य नसल्याचं लक्षण असू शकतात. किती पॉइंटवर रेघ मारायची हे प्रत्येक कौन्सिलचं धोरण ठरवतं आणि ते आकडे वेगवेगळे असतात, म्हणून तुमच्या कौन्सिलचं धोरण वेबसाइटवरून उतरवून घ्या आणि त्यातलं मोटारिंगचं पान शब्दन् शब्द वाचा. वेगमर्यादेचे ३ अधिक ३ ही सर्वसाधारणपणे सावरता येणारी गोष्ट आहे. हेच ६ पॉइंट हातात मोबाइल धरल्याबद्दल असते, तर मानकांप्रमाणे पाच वर्षं थांबावं लागलं असतं, आणि दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा वा बंदी संपल्यापासून सात वर्षं. स्पीड अवेअरनेस कोर्स केला असेल तर त्याचे पॉइंट पडत नाहीत, पण काही कौन्सिलच्या फॉर्मवर त्याचीही विचारणा असते. विचारलं असेल तर लिहा.

मग न लिहिलेले ३ पॉइंट का जड जातात? अर्जावर तुमची सही आहे. कलम ५७ प्रमाणे जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटी माहिती देणं, तसंच महत्त्वाची बाब गाळणं हा गुन्हा आहे. खटला भरण्याची वेळ क्वचितच येते. खरं नुकसान वेगळं होतं. वेगात गाडी चालवली यावरून ड्रायव्हरच्या पायाबद्दल प्रश्न निर्माण होतो, माहिती लपवली असं वाटलं तर प्रश्न माणसाबद्दलच होतो. आणि कौन्सिल डीव्हीएलएचं रेकॉर्ड काढतेच, तुम्ही दिलेल्या चेक कोडवर सगळं दिसतं. वेगाच्या गुन्ह्याची नोंद चार वर्षं राहते. टॉटिंगसाठी, म्हणजे पॉइंटची बेरीज करून गाडी चालवण्यावर बंदी घालायची का हे ठरवण्यासाठी, पॉइंट तीनच वर्षं मोजतात, त्यामुळे ‘ते पॉइंट तर आता गेले’ असा समज होतो आणि नेमकी तिथेच चूक होते. फॉर्मवर पॉइंट चालू आहेत का एवढंच विचारलं होतं, की कधीही झालेली कोणतीही नोंद विचारली होती, ते पुन्हा वाचा.

यावर इलाज आहे आणि तो सुनावणीची वाट न पाहता करायचा आहे. आजच लायसन्सिंग अधिकाऱ्याला ईमेल करा: अर्जातल्या अमुक प्रश्नात अमुक तारखेची नोंद लिहायची राहिली, चूक माझी आहे, कारण हे. कारण जे असेल तेच लिहा. ‘फॉर्म मित्राने भरला’ हे खरं असलं तरी सही तुमची होती, हे पुढच्याच वाक्यात कबूल करा. ‘मला वाटलं हे महत्त्वाचं नाही’ या उत्तराने सर्वांत जास्त नुकसान होतं, कारण महत्त्वाचं काय हे ठरवायचं काम समितीचं असतं. अहवाल छापून सदस्यांकडे जाण्याआधी तुमचा ईमेल पोचला, तर तो अहवालाला जोडला जातो आणि सदस्य तुम्हाला भेटण्याआधीच तुमचं स्पष्टीकरण वाचतात. समितीची कागदपत्रं साधारणपणे पाच पूर्ण कामकाजी दिवस आधी निघतात, त्यामुळे उशीर करू नका.

३२४ ची केस. इथला एन्हान्स्ड डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची सखोल तपासणी, मुख्यतः ब्रिटनमधलं रेकॉर्ड दाखवतो. म्हणून ज्यांनी परदेशात सलग तीन महिने किंवा जास्त काळ काढला आहे, त्यांच्याकडून त्या देशाचं चांगल्या वर्तणुकीचं प्रमाणपत्र मागावं असं मानकं सांगतात. भारतासाठी ते म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. इथे राहत असाल तर ते भारतीय उच्चायुक्तालयाकडून घ्यायचं, आणि वेळ लागतो. महाराष्ट्रातल्या स्थानिक पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मूळ कागदाऐवजी चालेल असं गृहीत धरू नका, अधिकाऱ्याला आधी विचारा.

शिक्षा झाली असती तर माणसाविरुद्धच्या हिंसेसाठी मानकं दहा वर्षांचा काळ सांगतात, तोही शिक्षा भोगून संपल्यापासून. तुमची सुटका झाली आहे, म्हणून तो नियम थेट लागू होत नाही. पण सुटका झाली म्हणजे समितीला विषयच काढता येत नाही, असं नाही. फौजदारी कोर्टाचा निकष ‘वाजवी संशयापलीकडे’ असतो, इथे ‘काय घडलं असण्याची शक्यता अधिक’ एवढाच. रशक्लिफ कौन्सिलच्या १९९८ च्या खटल्यात हायकोर्टाने सांगितलं की निर्णयावर वाजवीपणे परिणाम करू शकेल अशी कोणतीही माहिती, सांगोवांगीचा पुरावासुद्धा, विचारात घेता येतो. साक्षीदार उलटले म्हणून सुटका झाली की घटना घडलीच नव्हती म्हणून, यात समितीला मोठा फरक दिसतो.

त्यामुळे निकालपत्राची प्रमाणित नक्कल मागवा. पुण्यातल्या फौजदारी कोर्टाचा निकाल मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित भाषांतरकाराकडून करून घ्या, नातेवाइकाने केलेलं चालत नाही. निकालात न्यायाधीशांनी पुराव्याबद्दल काय म्हटलं तो परिच्छेद खूण करून ठेवा. सोबत पानभर स्वतःचं निवेदन: कधी, कुठे, कोण होतं, तुम्ही काय केलंत, काय केलं नाही, त्यानंतर असं काही पुन्हा घडलं का. भांडणात समोरचा कसा वाईट होता याचं वर्णन लांबवू नका. सदस्यांना समोरच्या माणसाला लायसन्स द्यायचं नाही, तुम्हाला द्यायचं आहे, आणि रात्री दोन वाजता दारू प्यायलेला प्रवासी अंगावर आला तर तुम्ही काय कराल हे ते तुमच्या सांगण्याच्या पद्धतीवरून जोखतात.

घरच्या ओढाताणीबद्दल स्पष्टच सांगायला हवं. गाडी हप्त्यावर घेतली, मुलांच्या पाळणाघराचा खर्च, पत्नी एकटी कमावते, यातलं काहीही ‘फिट अँड प्रॉपर’ या प्रश्नाला लागू पडत नाही. लीड्स कौन्सिलच्या २००२ च्या आणि चेरवेल कौन्सिलच्या २०११ च्या खटल्यांत हायकोर्टाने हे ठरवून टाकलं आहे. वैयक्तिक परिस्थिती क्वचित उपयोगी पडते, ती झालेल्या वर्तनाचा खुलासा करत असेल तेव्हाच. उदाहरणार्थ, तो वेगमर्यादेचा प्रसंग आजारी मुलाला दवाखान्यात नेताना घडला असेल आणि त्याचा कागद असेल, तर सांगा. नुसत्या आर्थिक अडचणीवर पाच मिनिटं बोललात तर सदस्य सहानुभूतीने ऐकतात आणि निर्णयात कायद्याप्रमाणे ते बाजूला ठेवतात. तुमच्या हातातली ती पाच मिनिटं मात्र गेलेली असतात.

प्रत्यक्ष सुनावणी साधी असते. खोलीत सहसा तीन ते पाच नगरसेवक, लायसन्सिंग अधिकारी, कायदा सल्लागार आणि टिपणं घेणारा कर्मचारी. वैयक्तिक माहिती असल्यामुळे जनता आणि पत्रकारांना बहुधा बाहेर ठेवतात. अधिकारी अहवाल मांडतो, मग तुम्ही बोलता, मग प्रश्न, मग तुम्हाला बाहेर थांबवून समिती विचार करते. सोबत वकील, युनियनचा माणूस किंवा मित्र नेता येतो. तरीही प्रश्नांची उत्तरं तुम्हीच द्या. दुभाष्या मागण्याआधी दोनदा विचार करा: प्रवाशाशी आणि अडीअडचणीत पोलिसांशी इंग्रजीत बोलता येणं, वाचता-लिहिता येणं ही मानकांचीच अपेक्षा आहे. तुटक पण सरळ इंग्रजी पुरतं.

शिफारसपत्रं न्या, पण नेमकी. ‘मी यांना सात वर्षं ओळखतो, सज्जन गृहस्थ आहेत’ या पत्राला किंमत शून्य. सध्याच्या मालकाने ‘यांचे ६ पॉइंट आणि २०१८ ची केस मला माहीत आहे, तरीही यांच्याकडे मी डिलिव्हरीच्या व्हॅनची किल्ली सोपवतो’ असं लिहिलं तर त्याला वजन असतं. एखादा अ‍ॅडव्हान्स्ड ड्रायव्हिंगचा कोर्स स्वखर्चाने केलात तर तेही बोलतं, मात्र सुनावणीच्या आदल्या आठवड्यात घाईने केलेलं ओळखू येतं.

समिती कौन्सिलच्या धोरणाला बांधलेली असते, पण आंधळेपणाने नाही. प्रत्येक अर्ज त्याच्या गुणांवर पाहावा लागतो आणि धोरणापासून हटायचं असेल तर कारण नोंदवावं लागतं. म्हणून ‘मला अपवाद करा’ म्हणू नका. ‘धोरणाच्या अमुक परिच्छेदाचा हेतू हा आहे, आणि माझ्या बाबतीत तो या कारणाने पूर्ण होतो’ असं मांडा. निर्णय लायसन्स देण्याचा, लेखी समज देऊन देण्याचा, प्रकरणाला साजेसं कारण देऊन कमी मुदतीचं देण्याचा किंवा नाकारण्याचा असू शकतो. प्रायव्हेट हायर ड्रायव्हरच्या लायसन्सला अटी जोडता येतात. हॅकनीच्या ड्रायव्हर लायसन्ससाठी १९७६ च्या कायद्यात तशी सोय नाही.

नाकारलं तर लेखी कारणं मिळतात आणि नोटीस हाती पडल्यापासून २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं. हे २१ दिवस वाढवून मिळत नाहीत, म्हणून नोटीस आली त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. कोर्ट सगळं नव्याने ऐकतं, नंतर घडलेल्या गोष्टीही बघतं, पण कौन्सिलच्या निर्णयाला मान देतं आणि तो चुकीचा होता हे पटवायचं ओझं तुमच्यावर असतं. खर्चाचं गणित आधी मांडा. हरलात तर कौन्सिलचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो, आणि जिंकलात तरी कौन्सिलने प्रामाणिकपणे व वाजवीपणे निर्णय घेतला असेल तर तुमचा खर्च मिळेलच असं नाही. ब्रॅडफर्ड कौन्सिलच्या २००० च्या खटल्यापासून हीच रीत आहे.

नकाराची दुसरी किंमत नोंदीची. २०२२ च्या कायद्यामुळे इंग्लंडमध्ये सुरक्षिततेच्या किंवा रस्ता सुरक्षेच्या कारणावरून दिलेला नकार राष्ट्रीय नोंदवहीत ११ वर्षं राहतो, आणि २७ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कौन्सिलला ती नोंदवही पाहावीच लागते. म्हणून ‘इथे नाही जमलं तर वुल्व्हरहॅम्प्टनला टाकू’ हा सल्ला आता फारसा उपयोगाचा नाही. तिथे अर्ज जरूर करता येतो, देशभरातले हजारो ड्रायव्हर तिथलं लायसन्स घेऊन काम करतात, पण इथला नकार तिथे दिसेल, आणि तोही लपवला तर दुसरी गाळलेली माहिती पहिलीपेक्षा महाग पडेल. कागद अपुरे आहेत, निकालपत्राची नक्कल अजून पुण्याहून यायची आहे, अशी स्थिती असेल तर सुनावणी पुढे ढकलण्याची लेखी विनंती करा. ती मान्य झाली नाही तर निर्णयाआधी अर्ज मागे घेणं हा एक मार्ग आहे. मागे घेतलेला अर्ज म्हणजे नकार नव्हे, मात्र पुढच्या कौन्सिलने त्याबद्दल विचारलं तर तेही सांगावं लागतं, आणि फी बहुधा बुडते.

डीबीएसचं प्रमाणपत्र निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत, लायसन्सची वाट न पाहता, डीबीएसच्या अपडेट सर्व्हिसमध्ये नाव घाला, कारण लायसन्स मिळाल्यावर कौन्सिल दर सहा महिन्यांनी रेकॉर्ड तपासते आणि नोंद नसेल तर पूर्ण डीबीएस पुन्हा करावा लागतो. अटक, आरोप किंवा शिक्षा, तसंच कोणताही मोटारिंगचा गुन्हा झाला तर ४८ तासांत कौन्सिलला कळवायचं असतं, मग ते वेगमर्यादेचे नवे ३ पॉइंट का असेनात. आणि नूतनीकरणाच्या वेळी एचएमआरसीचा, म्हणजे ब्रिटिश करखात्याचा, नऊ अक्षरी टॅक्स चेक कोड लागतो, तो १२० दिवसच चालतो. त्यासाठी टॅक्सीच्या उत्पन्नाची नोंदणी पहिल्याच वर्षी करून ठेवा.